आबांचा माग

"आज बार तू काढायचा," आबा म्हणाले आणि त्यांनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली.

आम्ही दोघं एका ऐनाच्या बुंध्याआड बसलो होतो. समोर कारवीची दाट जाळी होती, तिच्यातून बाहेर येणारी जनावरांची वाट होती, आणि वाटेच्या पलीकडं उतार. ऊन नुकतंच डोंगराच्या धारेवर आलं होतं. खाली ओढ्याच्या अंगाला गावची पंधरावीस माणसं पत्र्याचे डबे बडवत, आरोळ्या देत रान उठवत वर येत होती.

"मी?"

"हितं दुसरं कोण हाय?"

"धोंडीकाकांनी बघितलं तर?"

"त्यो पलीकडच्या खिंडीत हाय. आणि बंदूक माझी हाय." एवढं बोलून आबा माझ्या मागं सरकून बसले.

ही अडुसष्ट सालच्या माघातली गोष्ट. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आजऱ्याच्या पश्चिमेला घाटरस्त्याच्या कडेला आमचं गाव. माझे वडील, सुबराव, त्या रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे भरायचे, गटारं काढायची, दरड आली की निशाण घेऊन गाड्या थांबवायच्या, हे त्यांचं काम. घरी दीड एकर जमीन होती आणि डुकरं ती उकरून टाकत, म्हणून आज्याच्या वेळेपासून शेतराखणीच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. पण आबांना शिकारीची ओढ होती ती शेतासाठी नव्हती. सुट्टीच्या दिवशी पहाटे त्यांच्या अंगात काहीतरी जागं व्हायचं. माझ्या दोन्ही भावांना पहाटे उठायचा कंटाळा. मी नवव्या वर्षापासून त्यांच्या मागनं जायला लागले, आणि त्यांनी मला कधी घरी पाठवलं नाही.

सात वर्षं त्यांनी मला फक्त बसायला आणि बघायला शिकवलं होतं. बंदूक हातात यायची ती पुसायला, आणि वर्षातनं चारदोन वेळा फुटक्या मडक्यावर नेम धरायला. मडकी मी फोडायचे. जिवंत जनावरावर कधी चाप ओढला नव्हता.

डब्यांचा आवाज जवळ आला. एक रानकोंबडा फडफडत डोक्यावरनं गेला. मग कारवी हलली. वारा नव्हता, तरी एकाच रेषेत हलत आली आणि थांबली. आबांनी पाठीमागून माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. थांब, असा त्याचा अर्थ.

जाळीतून तोंड बाहेर आलं. नंतर खांदे. एकटा हिंडणारा डुकराचा नर होता, एवढा मोठा की मला आधी तो रेडकू वाटला. पाठीवरचे केस उभे, सुळे पांढरे. तो वाटेवर आला, थबकला, आणि माझ्याकडं नाही, डब्यांच्या दिशेला त्यानं कान फिरवले. अजून दोन पावलं तो पुढं आला असता तर आडवा मिळाला असता. आबांचं बोट खांद्यावर तसंच होतं. मी घाई केली.

बार झाला. धुरानं काही दिसेना. धुरापलीकडं एक जड, खरखरीत हुंकार आला आणि कारवी मोडत काहीतरी खाली गेलं.

आबांनी बोट काढून घेतलं, मग बंदूकही. रागावले नाहीत. "गोळी मागं लागली," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं सगळी माणसं गोळा झाली. धोंडीकाका पुढं आले. गावच्या शिकारीचे ते म्होरके, साठीचे, तोंडाचे फटकळ. त्यांनी वाटेवर वाकून पानं उचलून बघितली.

"रगत काळं हाय. पोटात न्हाईतर मागच्या मांडीत लागलंय. कुणाचा बार?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी आबा बोलले. "माझा."

"तुझा? सुबराव, तुझा बार मागं लागतोय व्हय?"

"लागला आज."

धोंडीकाकांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या बंदुकीच्या दारूच्या वासाकडं त्यांचं लक्ष गेलं असेल की नाही मला माहीत नाही. ते म्हणाले, "कड्याखालच्या कारवीत शिरलंय. तितं घायाळ डुकराच्या मागं कोण जायचं? गेल्या साली केरबाची मांडी फाडली ती इसरलास काय? चला घरला. उद्या-परवा गिधाडं दावतील कुठं पडलंय ते."

"उद्यापातुर ते जित्तं ऱ्हाईल," आबा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे की."

आबांनी बंदूक उभी धरली, दारू भरली, गजानं ठासली, शिशाची गोळी सोडली. माणसं थोडा वेळ उभी राहिली, कुणी विडी पेटवली, आणि मग दोघं-तिघं करत उताराला लागली. शेवटी आम्ही दोघंच राहिलो.

"तू घरला जा," आबा म्हणाले.

"मी मारलंय."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. "मग माझ्या मागं दहा पावलं. बोलायचं न्हाई."

आम्ही कारवीत शिरलो. कारवीच्या काठ्या दोन्ही अंगांना खांद्याच्या वर गेलेल्या, आणि मधनं डुकरानं मोडलेली फट. आबा वाकून, अगदी सावकाश चालत होते. दोन पावलं टाकायची, थांबायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. मी त्यांच्या मागं, आणि मला सगळीकडं रक्तच दिसत होतं. पानांवर थेंब, काठ्यांना पुसलेले पट्टे, एका दगडावर हाताएवढा डाग. प्रत्येक डाग माझा होता. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की चाप ओढणं म्हणजे काय, आणि एकदा मी थांबून कडेला ओकायला वाकले. आबांनी मागं वळून बघितलं नाही. पण मी सरळ उभी राहीपर्यंत तेही पुढं गेले नाहीत.

कारवी संपली आणि आम्ही सड्यावर आलो. सडा म्हणजे उघडा जांभ्या कातळ, मधेमधे वाळलं गवत. इथं आबा उजवीकडं वळले. रक्ताचे थेंब थोडे डावीकडं होते. मला वाटलं, सांगावं. पण वीस पावलांवर थेंबांची रेषा आपोआप उजवीकडं वळून आबांच्या पायाशी आली. असं तीनदा झालं. आबा जिथं वाकून बोटानं खूण दाखवायचे तिथं रक्त नसायचं, हातभर अलीकडं नाहीतर पलीकडं असायचं. मी त्याचा विचार केला नाही. मोठ्या माणसांची रीत असेल असं वाटलं.

ऊन डोक्यावर येताना सडा उतरून आम्ही एका ओलसर घळीत आलो. तिथं डबकं होतं आणि डबक्याचा चिखल ताजा घुसळलेला होता. जनावर लोळलं होतं. बाहेर पडताना एका जांभळीच्या बुंध्याला त्यानं अंग घासलं होतं, कमरेएवढ्या उंचीपर्यंत चिखल लागला होता.

आबा त्या बुंध्याजवळ उभे राहिले, आणि मी डबक्याभोवती फिरायला लागले. एक फेरा मारला. दुसरा मोठा मारला. पानं उलटून बघितली. थेंब नव्हता. चिखलानं जखम बुजली असणार. माझा धीर सुटला. रक्त नाही म्हणजे माग नाही. म्हणजे ते जनावर आता या एवढ्या डोंगरात कुठंतरी पोटात शिसं घेऊन बसणार, आणि ते माझ्यामुळं.

"काय शोधतीस?" आबांनी विचारलं. मागावर निघाल्यापासनं ते पहिल्यांदा बोलले.

"रक्त थांबलंय, आबा."

"हितं?"

"हितंच. डबक्यापतुर होतं. पुढं एक थेंब न्हाई."

आबांनी बंदूक दगडाला टेकवली आणि खाली बसले. मला वाटलं दमले.

"हितवर होतं व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, कारवीतच थांबलं असंल."

"कारवीत? आबा, पानापानावर होतं की. सड्यावर तर..." मी बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव होता, तो मी कधी बघितला नव्हता. लाज नव्हती. एखादं ओझं खूप वर्षांनी खाली ठेवताना माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

"मला दिसत न्हाई ते, हौसे."

"काय दिसत न्हाई?"

"लाल. पान नि त्यावरचं रगत मला एकाच रंगाचं. ल्हानपणापासनं." त्यांनी जमिनीवरचं एक पान उचललं, उलटसुलट केलं. "माझ्या बाबानं पयल्यांदा मागावर धाडलं तवा म्या दहा वर्साचा. रगताच्या मागं जा म्हणाला. म्या म्हटलं, रगत न्हाई. त्यानं दोन थोबाडीत दिल्या. म्हणाला, डोळं उघडं ठेव."

"मग?"

"मग ठेवलं."

मी तिथंच, ओल्या जमिनीवर बसले. आजूबाजूच्या दहा गावांत आबांसारखा माग काढणारा माणूस नव्हता. लांबलांबनं लोक त्यांना बोलवायला यायचे. हरवलेली म्हैस, वाघरानं ओढलेलं वासरू, घायाळ भेकर, काहीही असो, सुबराव आला की सापडणार, असं सगळे म्हणायचे. आणि त्या तीस वर्षांत त्यांनी रक्ताचा एक थेंब बघितला नव्हता.

"आईला ठाऊक हाय?"

"तिला मिरच्यांवरनं कळलं. लगीन झाल्यावर पयल्याच वर्साला लाल मिरच्या तोडायला धाडलं, नि म्या हिरव्या-लाल समद्या घेऊन आलो." त्यांच्या मिशीत हसू आलं. "ती बोलली न्हाई कुणाला. परत धाडलं बी न्हाई."

मला त्यांचं निशाण आठवलं. कामावर जाताना त्यांच्या काखेत दोन निशाणं असायची, एक लाल, एक हिरवं. लाल निशाणाच्या कोपऱ्याला त्यांनी गाठ मारलेली होती. मी लहानपणी एकदा ती सोडायला गेले तर हातावर चापट बसली होती. "साहेबाला कळलं तर?" मी विचारलं.

"कळलं न्हाई अजून. धोंडीला बी न्हाई." ते उठले. "चल. ऊन उतरायच्या आत गाठायला पायजे."

"पण रक्त न्हाई की आबा."

"माझ्यासाठी काय बदललं?"

ते खरंच होतं. ते जसे सकाळपासनं चालले होते तसेच पुढं चालायला लागले, त्याच चालीनं. फरक एवढाच, की आता ते बोलत होते. मागावर बोलणारे आबा मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ह्यो दगड बघ. त्याची ओली बाजू वर आलीया. आत्ता तासाभरात उलटलाय, न्हाईतर वाळला असता. मागचा उजवा पाय ओढतंय, ही रेघ दिसतीया का? खुराच्या मागची दोन बारकी टोकं मातीत रुतल्यात, म्हंजे अंग मागं टाकून उतरतंय. ह्या झाडापासनं त्या झाडापतुर कोळ्याची जाळी हायती, ह्या मधल्या फटीत न्हाईत. वर बघ, कमरेएवढ्या उंचीला तुटल्यात. माणूस गेला असता तर छातीएवढ्या उंचीला तुटली असती."

ते बोटानं दाखवत गेले आणि मी बघत गेले. बघता बघता माझ्याभोवतीचं रान बदललं. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. सात वर्षं मी त्याच रानात हिंडत होते, पण आता प्रत्येक काडी कुणीतरी हलवलेली किंवा न हलवलेली होती. मुंग्यांची एक रांग मधेच तुटून पुन्हा जुळत होती, कारण तिच्यावर पाय पडला होता. एका पानावर पाच माश्या होत्या आणि शेजारच्यावर एकही नव्हती. आबांनी एकदा मला थांबवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "काय ऐकू येतंय?"

"सातभाई. खाली, डाव्या अंगाला. भांडत्यात."

"भांडत्यात का कुणाला सांगत्यात?"

मी ऐकत राहिले. आवाज एकाच जागेवरनं येत होता, हलत नव्हता, आणि दर वेळी एक पक्षी सुरू करायचा, मग बाकीचे. "सांगत्यात," मी म्हटलं.

"तितं हाय ते."

भीती होतीच, पण देवळाच्या गाभाऱ्यात अंधाराला डोळे सरावले की आतली मूर्ती हळूहळू दिसायला लागते, तसंही काहीतरी होतं. सारं तिथंच होतं, आधीपासून. हा माणूस त्यात एकटाच राहत होता आणि आज त्यानं मला आत घेतलं होतं.

खाली उतरताना धनगरवाड्याच्या वरच्या बांधावर बयाक्का भेटली. तिथल्या तीन घरांतली सगळ्यात म्हातारी बाई. डोक्यावर रिकामी घागर घेऊन निघाली होती, मागं दोन म्हशी.

"सुबराव, ह्या येळेला हिकडं कुठं?"

"बयाक्का, वढ्याला जाऊ नगंस. कुणालाच जाऊ देऊ नगंस. घायाळ डुक्कर हाय तितं."

म्हातारीनं घागर उतरवली. "आत्ताच सुना धुणं घेऊन निघाल्यात न्हवं? गोठ्यापाशी असतील अजून."

"थांबीव त्यास्नी."

"किती येळ थांबवू?"

"मारल्याबिगर म्या जात न्हाई."

ती आणखी काही विचारत बसली नाही. वळली आणि म्हशी तिथंच सोडून, तिच्या वयाच्या मानानं फार झपझप गोठ्याकडं गेली. मी आबांकडं बघितलं. धोंडीकाकांच्या म्हणण्यानं आम्ही घरी गेलो असतो तर त्या दोघी आत्ता ओढ्यावर असत्या. आबांनी मला पुढं घेतलं आणि बंदूक माझ्या हातात दिली.

मी ती परत त्यांच्यापुढं धरली. "मला न्हाई जमायचं. सकाळी बी जमलं न्हाई."

"म्हणूनच."

"आबा, चुकलं तर? एकच बार हाय."

"चुकलं तर म्या हाय न्हवं." त्यांनी कमरेचा कोयता काढून हातात घेतला. समोर एवढं जनावर आणि त्यांच्या हातात तो वीतभर पात्याचा कोयता, पण त्यांचा आवाज असा होता की मला पटलं.

ओढ्याच्या वर एक अरुंद घळ होती, दोन्ही अंगांना दरडी, तोंडाशी निर्गुडीची झुडपं. सातभाई आम्हाला बघून उडाले आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत मला दात वाजल्याचा आवाज आला. कट, कट, कट. सुळे सुळ्यांवर घासण्याचा.

ते पंधरा पावलांवर बसलं होतं. मागचं अंग दरडीला टेकवून, पुढच्या पायांवर, कुत्र्यासारखं. चिखल वाळून त्याचं सगळं अंग राखाडी झालं होतं, दगडातच कोरल्यासारखं. तोंडाला फेस होता. त्यानं मला बघितलं. सकाळी त्यानं माझ्याकडं बघितलं नव्हतं, आता बघितलं. लहान, लालसर डोळे. इतक्या वेदनेत असूनही त्यात कळवळा नव्हता. ते आमची वाट बघत होतं. आम्ही येणार हे त्याला ठाऊक होतं, जसं ते तिथं आहे हे आबांना ठाऊक होतं. मला वाटलं, ही दोघं एकमेकांना ओळखतात, आणि मीच मधे परकी आहे.

आबांचा हात माझ्या पाठीवर आला. सगळा तळवा, खांद्याच्या फऱ्यांमध्ये.

"थांब," ते हळू म्हणाले.

ते उठलं. मागचा पाय लोंबत होता तरी उठलं, डोकं खाली घातलं आणि आलं. मला आठवतंय, दगड घरंगळले, आणि ते दगड मला त्याच्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आले.

"थांब."

दहा पावलं. मला त्याच्या कपाळावरचा केसांचा भोवरा दिसत होता.

"थांब."

आणि मग त्यांनी हात काढून घेतला. पाठीवर जिथं तळवा होता तिथं गार वारं लागलं. आता कुणी सांगणार नव्हतं. मी आणखी एक श्वास थांबले, त्यानं डोकं जरासं वर केलं, आणि मी चाप ओढला.

धूर गेला तेव्हा ते माझ्या पायापासून तीन हातांवर पडलं होतं. एक पाय दोनदा हलला. मग नाही.

खाली ओढ्याचं पाणी वाहत होतं. आबा पुढं झाले, त्याच्या डोक्याशी बसले आणि त्यांनी त्याच्या दोन्ही कानांमध्ये हात ठेवला, घरातल्या म्हाताऱ्या बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा. नंतर ओंजळीनं दोन खेपा करून ओढ्याचं पाणी आणलं आणि मागच्या अंगावरचा चिखल धुतला. सकाळची जखम उघडी झाली.

"हिकडं ये. बोट लाव."

मी लावलं. आत अजून गरम होतं.

"हे तुझं," ते म्हणाले. मग कपाळावरची दुसरी जखम दाखवली. "आणि हे बी तुझं. दोन्ही ध्येनात ठेव."

संध्याकाळी माणसं घेऊन यायला आम्ही गावात गेलो तेव्हा धोंडीकाका पारावर होते. त्यांनी विचारलं, "गावलं?" आबा म्हणाले, "गावलं. हौसानं पाडलं. एका बारात." सकाळचा चुकलेला बार त्यांनी स्वतःकडं ठेवला तो कायमचाच. मरेपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही की तो माझा होता. मी हे आज पहिल्यांदा सांगते आहे, आणि त्यांच्या डोळ्यांचंही.

त्यानंतर चार वर्षं आम्ही शिकारीला गेलो. मग शिकारबंदीचा कायदा झाला, आबांनी बंदूक तेल लावून पुसली आणि चौकीवर जमा करून आले. त्यांना वाईट वाटलं असेल, पण पुढच्या सुट्टीला पहाटे ते नेहमीसारखे उठले आणि मला म्हणाले, चल. हातात काही नाही, नुसते निघालो. दिवसभर एका अस्वलिणीच्या मागावर हिंडलो, ती दिसली, पिलाला पाठीवर घेऊन मधमाश्यांचं पोळं शोधत होती, आणि आम्ही आल्या वाटेनं परत आलो. माझं लग्न झालं, मला गडहिंग्लजला दिलं, मुलं झाली, तरी माहेरी आले की पहाटे दारात आबांची पावलं वाजायची. त्यांच्या शेवटच्या वर्षी त्यांना चालवेना, तेव्हा मी एकटी रानात जाऊन यायचे आणि त्यांच्या खाटेशी बसून काय काय बघितलं ते सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, वारा कुठला होता?

माझी नातवंडं विचारतात, आजी, तू जनावरं मारायचीस? मी हो म्हणते. त्यांना ते आवडत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण मला आईबापाकडनं जे मिळालं त्यात हेच मोठं आहे, हे मी त्यांना कसं समजावू? आता मी बहात्तर वर्षांची आहे, आणि अजून अशी एकही सकाळ गेली नाही की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यावर जग माझ्यापुढं रिकामं आहे असं वाटलं. हे मी आबांना कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात तशी बोलायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी, माणसं आणायला निघायच्या आधी, आम्ही थोडा वेळ घळीत बसलो होतो. ऊन तिरपं झालं होतं. माझं बोट अजून तसंच रक्ताचं होतं, पुसलेलं नव्हतं. आबा त्याच्याकडं बघत होते.

"एक इचारू?" ते म्हणाले.

आबांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"दिसतं कसं गं ते?"

मी बोटाकडं बघितलं. कुंकवासारखं म्हणणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की आईच्या कपाळावरच्या कुंकवाचा रंगही त्यांनी कधी बघितलेला नाही. विस्तव म्हणावा, पळस म्हणावा, जे जे आठवत होतं ते सगळं त्यांच्यापासून तेवढंच लांब होतं. ते थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

शेवटी जे सकाळपासून माझ्या बाबतीत घडलं होतं तेच मी सांगितलं. "एकदा ते दिसलं की दुसरं कायबी दिसत न्हाई, आबा."

त्यांनी त्याचा बराच वेळ विचार केला.

"मग बरंच झालं म्हणायचं," ते म्हणाले, आणि बोट पुसायला त्यांनी मला निर्गुडीचा पाला तोडून दिला.